तळ्याकाठच्या बंद खोल्या पाहुण्यांसाठी उघडताना

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या फुगवट्याला लागून सासऱ्यांनी बांधलेल्या तीन कौलारू खोल्या आहेत, भिंती जांभ्याच्या. जूनपासून बंद आहेत. दिवाळीच्या सुट्टीत पहिले पाहुणे येणार, हातात सहा आठवडे. रंगारी ठरलाय, नव्या गाद्या सांगून झाल्यात. सुरुवात कुठून करू, असं त्यांनी विचारलंय.

ताई, रंगाऱ्याला आजच सांगा की तीन आठवडे थांब. गाद्या आल्या तर गावातल्या घरी माडीवर ठेवा, खोल्यांत उतरवू नका. तुमच्या खोल्या आत्ता ओल्या आहेत. हाताला कोरड्या लागतील, पण चार महिने पाऊस प्यालेला जांभा आतून ओलाच असतो. त्यावर प्लास्टिकचा रंग मारला की दिवाळीत फोटो छान येतात आणि डिसेंबरात भिंतीला फोड येऊन पापुद्रे गळायला लागतात. मी १८ वर्षं पाहुण्यांना खोल्या द्यायचं काम करतोय, आधी घाटाकडच्या जांबोटीला आणि नंतर हिडकलला. पहिली दोन वर्षं मी आधी रंग काढला आणि दोन्ही वर्षी तो खरवडून टाकावा लागला.

भिंत वाळली का, हे बघायची सोपी पद्धत आहे. हातभर चौकोनी जाड प्लास्टिक घ्या. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर भिंतीला लावून चारी कडांना चिकटपट्टी घट्ट मारा आणि एक दिवस-रात्र तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला दमटपणा असेल तर ओल खोलीतल्या हवेची आहे, ती लवकर जाते. प्रत्येक खोलीत पावसाच्या माऱ्याची पश्चिमेची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत, एवढ्या दोन बघितल्या तरी पुरे.

वाळवताना बहुतेक जण एक चूक करतात, खिडक्या रात्रंदिवस उघड्या ठेवतात. तळ्याकाठी संध्याकाळनंतर दव धरतं आणि दिवसभर वाळलेली खोली रात्रीत पुन्हा पाणी पिते. सकाळी दहाच्या सुमारास, गवतावरचं दव उडालं की सगळं सताड उघडायचं आणि दुपारी साडेचारला बंद करायचं. खाटा, कपाटं भिंतीपासून हातभर ओढून घ्या. कपाटाची दारं काढता आली तर काढा.

मग बाहेर या. जोत्याला लागून पावसात वाहून आलेली माती आणि पालापाचोळा साचलेला असणार. माती जोत्याच्या वर चढली की भिंत तिच्यातलं पाणी शोषत राहते, आतून कितीही वाळवा. ती वीतभर खाली येईपर्यंत उकरा आणि पागोळ्यांचं पाणी वाहून जाईल असा चर काढा. दोन गड्यांचं एका दिवसाचं काम आहे. खोल्या वाळण्यात सगळ्यात जास्त फरक मी या एका कामाने पडलेला पाहिलाय.

जांबोटी-कणकुंबीकडच्या मानाने तुमचं काम हलकं आहे. मलप्रभेचा उगम कणकुंबीचा, तिथला पाऊस खोली वाळू देत नाही. तुमच्या हुक्केरी तालुक्यात पाऊस पुष्कळ कमी आणि पाण्यावरून वारं सारखं येतं. तीन आठवड्यांत भिंती रंगाला तयार व्हाव्यात. आणि रंग म्हणजे चुनाच द्या. कळीचा चुना पिंपात दोन-तीन दिवस भिजवून, ढवळून, फडक्याने गाळायचा, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालायची आणि भिंत ओलसर करून पातळ तीन हात द्यायचे. चुन्यातून भिंतीची वाफ बाहेर पडत राहते, म्हणून फोड येत नाहीत. चुना विरताना उकळतो, तेव्हा डोळ्यांवर चष्मा घालून लांब उभं राहा आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका.

परतीचा पाऊस अजून व्हायचाय, ही तुमच्यासाठी चांगली गोष्ट आहे. पाऊस पडत असताना खोलीत जाऊन उभ्या राहा, हातात बॅटरी आणि खडू घेऊन. थेंब पडतो त्याच्या बरोबर वरचं कौल फुटलेलं असतं असं सगळ्यांना वाटतं. पाणी कौलाखालून रिपेवर, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्टीवर येतं, रिपेवरून वाशावर उतरतं, वाशाच्या पोटाने घरंगळत दोन-तीन हात खाली येतं आणि गाठ लागली की तिथे थेंब सोडतं. म्हणून ओला वासा बोटाने चाचपत वर जायचं. जिथून तो कोरडा लागतो तिथे खडूने खूण करायची, बिघाड त्या खुणेच्या आसपास सापडतो. सुतार उन्हात येतो तेव्हा सगळं कोरडं असतं आणि त्याला काही दिसत नाही. मग तो अंदाजाने चार कौलं बदलतो आणि वर चालताना सहा फोडतो. खुणा असल्या की आडवी फळी टाकून तेवढीच कौलं बदलून खाली येतो. जुनी कौलं खानापूरची असतील तर त्याच साच्याची शोधा, दुसऱ्या साच्याचं कौल खाचेत नीट बसत नाही. सगळं छप्पर परतायचं काम मात्र मे महिन्यातलं. आत्ता त्याला हात घालू नका.

वाशांवर, चौकटींवर वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर नुसत्या झटकू नका. स्क्रू-ड्रायव्हरने लाकूड टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर तो तुकडा बदलावाच लागेल. चांगल्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल आमच्याकडे पिढ्यानपिढ्या लावतात, ते उत्तमच आहे. पण ते कातडीला भाजतं, फोड येतात. लावणाऱ्याला हातमोजे द्या आणि ते पूर्ण सुकल्याशिवाय पाहुण्याचा हात लागेल अशा जागी लावू नका.

आता झाडलोट. बंद खोलीत उंदीर, घुशी, वटवाघळं राहून गेलेली असणार. कोरडा केरसुणीचा हात मारला की लेंड्यांची धूळ थेट छातीत जाते आणि उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, आधी ब्लिचिंग पावडरचं पाणी शिंपडून अर्धा तास थांबायचं, मग ओलंच पुसून काढायचं. हेच ब्लिचिंग संडासात नेताना फार सांभाळा. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मामींनी एकदा भांड्यात ब्लिचिंग पावडर टाकली आणि डाग जाईना म्हणून वरून ॲसिड ओतलं. क्षणात हिरवट वाफ उठली. दार लावलेलं होतं. मी बाहेर नळ जोडत होतो, खोकल्याचा आवाज ऐकून धावलो तेव्हा त्या भिंतीला धरून खाली बसल्या होत्या, डोळ्यांतून धारा. दवाखान्यात नेलं, दोन दिवसांनी बऱ्या झाल्या. तेव्हापासून माझ्या आवारात ॲसिडची बाटली येत नाही. ॲसिडने सेप्टिक टँकमधले जंतूही मरतात आणि टाकी कुजायची थांबते, ते वेगळंच. जे कोणी साफ करणार असेल त्याला हे तोंडाने सांगा, लिहून ठेवू नका.

पाण्याचं. विहीर असेल तर पावसाळ्यानंतर शुद्ध केल्याशिवाय एक तांब्याही पाहुण्याला देऊ नका. हिशोब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, ३.१४ ने गुणा आणि ४ ने भागा. आलेल्या आकड्याला १००० ने गुणलं की लिटर मिळतात. दोन मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते १५,७०० लिटर होतं. चांगली ताजी ब्लिचिंग पावडर १००० लिटरला २.५ ग्रॅम लागते, म्हणजे या विहिरीला सुमारे ४० ग्रॅम. बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन दोराने विहिरीत सोडून खालीवर हलवा. रात्री टाकायचं, सकाळपर्यंत उपसा करायचा नाही. उघडी पडलेली जुनी पावडर वापरू नका, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. छपरावरची टाकी आधी घासून काढा, तळाला शेवाळ असतंच. एवढं करून पाण्याची बाटली तपासणीला द्याच, निकाल हातात येईपर्यंत पाहुण्यांना उकळलेलं पाणी द्या. शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब हवा. सासऱ्यांनी खोल्या बांधल्या तेव्हा हे अंतर बघितलं होतं का, ते टेप लावून मोजा. कमी असेल तर यंदा विहीर पिण्याला बंद ठेवा आणि पाणी बाहेरून आणा.

वीज चालू करण्याआधी वायरमनला बोलवा. उंदरांनी कुरतडलेली वायर छपराच्या आत असते आणि खालून दिसत नाही. मीटरपाशी ३० मिलिअँपियरचं गळती-रोधक ब्रेकर नसेल तर रंगाचे पैसे तिकडे वळवा. ओल्या भिंती, अनवाणी पाहुणे आणि न्हाणीघरातला गिझर एकत्र आले की याच एका वस्तूने जीव वाचतो. तिच्यावरचं चाचणीचं बटण दर महिन्याला दाबायचं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत राहायचं.

गॅस गिझर असेल तर तो न्हाणीघरात नको. बाहेरच्या भिंतीवर लावा, आत फक्त नळ. ज्योत बंद जागेतली हवा खाते आणि जो वायू सोडते त्याला रंग नाही, वास नाही. माणूस अंघोळ करताकरता गळून पडतो. कोळशाच्या शेगडीचंही तेच. माझ्या जांबोटीच्या खोल्यांत एका डिसेंबरात एक जोडपं उतरलं होतं. थंडी कडाक्याची, त्यांनी अंगणातली शेगडी मागून घेतली. मला वाटलं ओट्यावर घेऊन बसतील. पहाटे कुत्रा भुंकत होता म्हणून मी उठलो. बघतो तर त्यांचं दार अर्धवट उघडं आणि बाई उंबऱ्यावर डोकं धरून बसलेली, ओकारी झालेली. नवरा आत हाक मारली तरी नुसता हुं म्हणत होता. त्याला धरून अंगणात आणला, गाडी काढली. दाराखाली दोन बोटं फट होती म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. ती फट मी त्याच महिन्यात, साप येऊ नये म्हणून, पट्टी ठोकून बंद करणार होतो. आता पट्टी आहे, पण छपराखाली दोन्ही बाजूंना जाळी लावलेले झरोके कायम उघडे असतात. शेगडी अंगणातल्या दगडी चौथऱ्यावर साखळीने बांधलेली असते आणि थंडीला प्रत्येक खाटेवर दोन घोंगड्या. तुम्हीही घोंगड्या घ्या. कापसाच्या गाद्या पाच-सहा दिवस कडक उन्हात उलटसुलट करून बडवून घ्या, वास गेला नाही तर नव्या वापरा.

सापाचं भय पाहुण्यांना वाटतं त्याहून कमी आहे, पण मण्यार मात्र खरंच घरात येते आणि रात्री येते. जमिनीवर झोपलेल्याला ती चावते, बऱ्याचदा ते कळतही नाही. सूज नाही, आग नाही. म्हणून माझ्याकडे कोणालाही खाली अंथरूण घालून देत नाही, माणसं जास्त झाली तरी. खाट, आणि गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. जळण भिंतीला टेकवून रचू नका, ३० फूट लांब न्या. आंगण भादरून ठेवा. प्रत्येक उशीशेजारी बॅटरी ठेवा. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आत्ता शिल्लक आहे, हे पाहुणे यायच्या आधी स्वतः जाऊन विचारा आणि तिथला रस्ता रात्री एकदा गाडीने करून बघा. चावलं तर बांधायचं नाही, कापायचं नाही, हातपाय हलवू न देता सरळ गाडीत घ्यायचं. अँब्युलन्सला १०८. इथे एक सांगतो, ते तुमच्यापेक्षा चंदगडच्या वेशीवर किंवा चोर्ला घाटाकडे खोल्या असणाऱ्यांना जास्त लागू आहे. मोबाईल पलीकडच्या राज्याच्या टॉवरला लागतो आणि फोन तिकडे जातो. म्हणून तोंड उघडताच आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव सांगायचं. कार्डावर याच क्रमाने मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावा.

आता पाणी, म्हणजे काठ. तुमच्या पत्रात याबद्दल एक ओळही नव्हती आणि मला सगळ्यात काळजी त्याचीच आहे.

धरणाचा काठ एका जागी राहत नाही. दिवाळीत पाणी तुमच्या झाडांपर्यंत असेल, मार्चमध्ये ते शेकडो पावलं आत गेलेलं असेल. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की बुडालेलं विठ्ठलाचं देऊळ वर येतं, ते बघायला लोक जातात. तुम्हाला ठाऊकच असेल. पाणी मागे सरताना गाळ सोडून जातं. गाळावर ऊन पडून कोरडी पापडी धरते, तडे जातात, वरून ती शेतासारखी घट्ट दिसते. खाली मांडीभर चिखल असतो. एका फेब्रुवारीत नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा चेंडूमागे गेला आणि दहाव्या पावलाला कंबरेपर्यंत रुतला. वडील धावले, तेही गुडघ्यापर्यंत. मी दोन खाटांच्या फळ्या आडव्या टाकून पोटावर सरकत गेलो आणि पोराला काखेत धरून हळूहळू ओढला. झटक्याने ओढलं असतं तर निघाला नसता, चिखल खालून ओढतो. बूट अजून तिथेच असतील.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी आठ फुटी बांबू घेऊन मी स्वतः काठ चालतो. प्रत्येक पावलापुढे बांबू टोचायचा. वीतभरापेक्षा जास्त आत गेला तर तिथे लाल फडक्याची काठी रोवायची. घट्ट मुरमाची वाट सापडली की तिच्या दोन्ही अंगांना चुन्याची रेघ मारायची आणि पाण्यापाशी जायला तेवढीच एक वाट ठेवायची. पाणी हललं की वाट बदलायची. गडी सांगतो, मालक, गेल्या वर्षीचीच हाय की वाट. तिच्यावर विसंबायचं नाही. गाळ दर पावसाळ्यात नवा येतो.

पाण्यात शिरायची खूण मांडीपर्यंतच्या खोलीवर ठेवा, दोर आणि रिकामे डबे बांधून. फुगवट्याखाली जुनी शेतं, बांध, विहिरी बुडालेल्या असतात. मांडीभर पाण्यातून पुढचं पाऊल विहिरीत पडू शकतं. गावातल्या ७० वर्षांच्या एखाद्या आजोबांना काठावर घेऊन या आणि कुणाची विहीर कुठे होती ते विचारून घ्या. अशी माहिती कोणत्याही नकाशात नाही. काठावर एका खांबाला पाच लिटरचा झाकणबंद डबा लटकवा, तळाशी चार बोटं पाणी ठेवून, म्हणजे फेकताना तो नीट लांब जातो. त्याला १५ मीटर नायलॉनचा दोर बांधा. बुडणाऱ्याकडे कोणी पोहत जायचं नाही, डबा फेकायचा. लाइफ जॅकेट असतील तर पावसाळ्यात त्यांचे पट्टे कुजतात. प्रत्येक जॅकेट स्वतः घालून कंबरभर पाण्यात पाय उचलून तरंगून बघा. तिथे लावायची पाटी कन्नड, मराठी आणि इंग्रजी तिन्हींत हवी, आणि चित्रही हवं. हुबळी, कोल्हापूर, गोवा सगळीकडची माणसं येतात. खोल्यांच्या नावाच्या पाटीवर मात्र ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, करून घेतानाच तसं सांगा.

कागद थोडक्यात: पंचायतीचा परवाना, जेवण देणार असाल तर अन्न खात्याची नोंदणी, परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत सरकारकडे त्याची नोंद. काठाची जमीन पाटबंधारे खात्याची असेल तर तिथे पक्कं काही बांधू नका. गॅसच्या नळीवरची तारीख बघा, पाच वर्षं झाली असतील तर बदला.

हे सगळं झालं की पाहुणे यायच्या आठवडाभर आधी तुम्ही आणि घरातलं आणखी कोणी तिथे दोन रात्री राहा, पहिली रात्र पहिल्या खोलीत, दुसरी शेवटच्या. तिथल्याच पाण्याने अंघोळ करा, तिथल्याच खाटेवर झोपा. रात्री दोनला दिवा न लावता संडासाला जाऊन या. गेल्या वर्षी अशाच रात्री मला पायरीचा हलणारा दगड सापडला. दिवसा शंभर वेळा त्यावरून गेलो होतो. दुसऱ्या रात्री माझ्या बायकोला खिडकीच्या वरच्या अंगाला गुणगुण ऐकू आली. सकाळी बघितलं तर वळचणीत गांधीलमाश्यांनी मुठीएवढं घर केलं होतं. ते काढणाऱ्या माणसाला बोलवायला आमच्या हातात पाच दिवस होते.